सहावी ते आठवीचा स्टेम अभ्यासक्रम अभियांत्रिकीच्या वाटेवर कितपत उपयोगी पडतो?

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. आपली मुलगी यंदा सहावीत आहे. शाळेने सहावी ते आठवी असा तीन वर्षांचा ऐच्छिक स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांचा एकत्रित) अभ्यासक्रम सुरू केला असून त्यात रोबोटिक्स, कोडिंग आणि थ्रीडी प्रिंटिंग आहे. त्यासाठी आठवड्याच्या तीन तासिका द्याव्या लागतील आणि त्यांतली एक सध्या गणिताच्या सरावाची आहे. मुलीला इंजिनिअर व्हायचे आहे, परंतु पहिल्याच प्रदर्शनात तिने केलेली गाडी चालली नाही आणि तेव्हापासून ती खट्टू आहे. या अभ्यासक्रमाने पुढे खरोखर मदत होते का, न घेतल्यास ती मागे पडेल का आणि स्वतः तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नसलेल्या पालकाने त्याची पारख कशी करावी, असे आपण विचारले आहे.

मी चौदा वर्षे यंत्रांच्या आरेखनाचे काम केले. त्या काळात दरवर्षी काही नवे पदवीधर माझ्या हाताखाली येत असत. गेली आठ वर्षे मी ११ ते १४ वयाच्या मुलांना हाच विषय शिकवते आहे. त्यामुळे या वाटेची दोन्ही टोके मी जवळून पाहिली आहेत आणि पुढे जे लिहिते आहे ते त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

मागे पडण्याची भीती मनातून काढून टाकावी. या वयात हाताळलेले एखादे विशिष्ट उपकरण किंवा संगणकाची भाषा पुढे नोकरीच्या ठिकाणी तशीच समोर येईल, हे जवळजवळ अशक्य आहे. मुलांसाठी तयार केलेली लोगो ही भाषा १९६७ सालची. आर्डुइनो हा शिकाऊंसाठीचा छोटा इलेक्ट्रॉनिक फलक २००५ मध्ये आला, चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची स्क्रॅच ही भाषा २००७ मध्ये, आणि ब्रिटनमधल्या सातव्या वर्गातील मुलांना मायक्रोबिट हे खिशात मावणारे संगणक वाटले गेले ते २०१६ मध्ये. आपली मुलगी प्रत्यक्ष कामाला लागेल तोवर आणखी दहा-बारा वर्षे गेलेली असतील. टिकतात त्या कल्पना: चलराशी, अट, पुनरावृत्ती, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणे. या कल्पना पंधराव्या किंवा अठराव्या वर्षी शिकलेली माणसेही उत्तम काम करतात. शाळेत रोबोट पाहिला नव्हता म्हणून अडलेला एकही पदवीधर मला आठवत नाही.

ते अडत ते वेगळ्याच ठिकाणी. एकदा एका तरुणाने यंत्राच्या आधारपट्टीवर येणाऱ्या ताणाचे गणित करून आणले. संगणकाने आठ अंकांपर्यंत उत्तर दिले होते आणि ते हजार पटींनी चुकलेले होते, कारण एका जागी मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी मीटर घेतले गेले होते. अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. मला काळजी वाटली ती त्याला त्या उत्तरात काहीच खटकले नाही याची. हाताएवढ्या पट्टीवर एवढा ताण येऊ शकेल का, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. अशी चूक वेळीच न खटकल्याची किंमत किती मोठी असू शकते हे १९९९ साली सगळ्या जगाने पाहिले. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका संगणकप्रणालीतून आवेगाचे, म्हणजे यानाला इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे, आकडे पाउंड-बल सेकंदांत येत होते आणि ते वापरणारी प्रणाली त्यांना न्यूटन-सेकंद समजत होती. दोन एककांमध्ये सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे.

म्हणून माझ्यापुरता या अभ्यासक्रमाचा कस एका गोष्टीवर ठरतो: एखादी वस्तू करण्यापूर्वी मूल अंदाज बांधते का, केल्यानंतर मोजते का, आणि अंदाज व माप जुळले नाहीत तर त्या फरकाचे काय करते. हे घडत असेल तर साधने साधी असली तरी तो अभ्यासक्रम अभियांत्रिकीची तयारी करून घेतो. हे घडत नसेल तर महागडी साधनेही काही दिवसांच्या कुतूहलापलीकडे फारसे देत नाहीत.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण वरवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन तासिकांमधला फरक त्यातून कळेल. मुलांकडे दोन मोटरींची एक छोटी गाडी आहे, चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर आहे आणि गाडीने बरोबर एक मीटर जाऊन थांबायचे आहे. पहिल्या प्रकारच्या वर्गात मुले प्रोग्रॅममध्ये चाकाचे पाच फेरे घालून पाहतात, गाडी अलीकडे थांबते. सहा घालतात, ती पलीकडे जाते. मग साडेपाच, मग पावणेसहा, असे करत करत गाडी रेषेवर येते आणि सगळे टाळ्या वाजवतात. या रीतीतही थोडे शिकणे आहे, ते मी नाकारत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मोठे चाक लावले की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

दुसऱ्या प्रकारच्या वर्गात गाडीला हात लावण्याआधी वही उघडावी लागते. एका फेऱ्यात गाडी परिघाएवढी पुढे जाईल, परिघ सुमारे १७६ मिलिमीटर, म्हणून १००० मिलिमीटरसाठी ५.६८ फेरे. मुले हा अंदाज लिहितात, गाडी सोडतात, आणि ती ९७० मिलिमीटरवर थांबते. मोठ्या माणसांना वाटते की इथे गणित चुकले. मला मात्र धडा इथूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. हे ३० मिलिमीटर गेले कुठे? कोणी म्हणते, सुरुवातीला चाक घसरले. कोणी म्हणते, रबर वजनाने दबले, त्यामुळे चाकाचा खरा व्यास कमी झाला. कोणी म्हणते, गाडी किंचित तिरकी गेली आणि आपण मापले सरळ. प्रत्येक शंका तपासता येते. घसरण्याची शंका असेल तर गाडी सावकाश सुरू करून पाहावी. दबण्याची असेल तर वजन वाढवून पुन्हा मोजावे. तिरकेपणाची असेल तर जमिनीवर रेघ आखावी. पाच वेळा तेच करून पाच आकडे लिहिले की ते आपसांत किती पांगलेले आहेत हेही दिसते. तेव्हा मुलाला कळते की एकाच वेळी जमलेले माप हा पुरावा होत नाही. मी चौदा वर्षे जे काम केले त्याचा गाभा या तासिकेत आहे. नंतर फक्त यंत्रे मोठी झाली आणि समीकरणे लांबली.

या उदाहरणात गणित किती आहे ते पाहावे: परिघ, भागाकार, दशांश अपूर्णांक, प्रमाण, सरासरी. स्टेम या नावात विज्ञान, तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी यांच्या जोडीला गणित आहे, पण वर्गात पुष्कळदा सर्वांत आधी तेच गळून पडते. बारा दात्यांचे गिअर छत्तीस दात्यांच्या गिअरला फिरवत असेल तर वेग एक तृतीयांश होतो आणि घर्षण सोडले तर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिप्पट होतो. हे मुलाने हाताने चाके फिरवून, फेरे मोजून अनुभवले की व्यस्त प्रमाणाचे सूत्र त्याला पाठ करावे लागत नाही. या वयात गुणोत्तर आणि अपूर्णांक पक्के होणे किती महत्त्वाचे आहे याला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतली माहिती तपासून दाखवले की प्राथमिक शाळेच्या शेवटी अपूर्णांक आणि भागाकार यांची जी समज असते, तिच्यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा बराच अंदाज येतो. मुलांच्या बुद्धिमत्तेतले आणि घरच्या परिस्थितीतले फरक हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहतो.

यावरून आपल्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे, म्हणजे गणिताच्या तासिकेकडे येते. तिचे उत्तर मुलीच्या आजच्या तयारीवर अवलंबून आहे. अपूर्णांक, गुणोत्तर आणि दशांश तिला सहज जमत असतील आणि स्टेमच्या वर्गात वर सांगितल्याप्रमाणे गणित वापरले जात असेल, तर एक सरावाची तासिका देऊन टाकण्यात मला धोका दिसत नाही. ती या भागात अडखळत असेल तर ती तासिका सोडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. बहुतेक देशांत अभियांत्रिकीच्या शिक्षणाचे दार गणित आणि भौतिकशास्त्रातूनच उघडते आणि सातवीत राहून गेलेले गुणोत्तर दहावीच्या पुढे भरून काढणे फार जड जाते. शाळेशी बोलून तीनऐवजी दोन तासिका घेता येतात का, हे अवश्य विचारावे.

मग हा अभ्यासक्रम घ्यायचाच कशाला, गणित आणि विज्ञान नीट शिकले की पुरे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. या वयातली ओढ पुढे फार कामाला येते. संशोधक रॉबर्ट टाय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९८८ साली अमेरिकेत आठवीत असलेल्या आणि पुढे पदवी मिळवलेल्या विद्यार्थ्यांविषयीचा तो अभ्यास होता. तिसाव्या वर्षी आपण विज्ञानाशी संबंधित काम करत असू, असे आठवीत म्हणणाऱ्यांनी भौतिक विज्ञाने किंवा अभियांत्रिकी यांतली पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या सुमारे ३.४ पट निघाली. गणितात मध्यम पण मनाशी असे ठरवलेले विद्यार्थी गणितात हुशार पण तशी इच्छा नसलेल्यांच्या पुढे गेले होते. इच्छेमुळेच पदवी मिळाली, असे यावरून सिद्ध होत नाही. घरचे वातावरण, शिक्षक अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. तरीही बाराव्या-तेराव्या वर्षी ‘हे काम माझ्यासारख्या माणसाचे आहे’ असे मुलाला वाटू लागणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ते वाटण्यासाठी त्या कामाची खरी चव मिळावी लागते, आणि ती देणे नेहमीच्या गणित-विज्ञानाच्या तासाला क्वचितच जमते.

आणखी एक कौशल्य आहे, जे नेहमीच्या तासांना बहुधा कोणी शिकवत नाही आणि अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी ज्याच्यावाचून मुले गोंधळतात: त्रिमित आकार मनात फिरवून पाहणे. समोरून, वरून आणि बाजूने काढलेल्या तीन आकृत्या पाहून वस्तू डोळ्यांसमोर उभी करता येणे हे काहींना जन्मजात येते, असा समज आहे. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकात ज्या नव्या विद्यार्थ्यांना हे जमत नव्हते त्यांच्यासाठी खास अभ्यासवर्ग सुरू केला, आणि सरावाने ते शिकता येते हे दाखवून दिले. माझ्या वर्गात आम्ही लाकडी ठोकळे रचून त्यांच्या आकृत्या हाताने काढतो आणि मग वही जोडीदाराला देऊन तिच्यावरून तीच रचना उभी करायला सांगतो. रचना चुकली की दोघे मिळून चूक आकृतीत आहे की वाचण्यात, हे शोधतात. थ्रीडी प्रिंटिंगचे मोल मला याच कामासाठी वाटते. संकेतस्थळावरून तयार आकृती उतरवून खेळणे छापले तर शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण आठ मिलिमीटरच्या दांड्यासाठी स्वतः आठ मिलिमीटरचे भोक आखून छापले आणि दांडा त्यात गेलाच नाही, तर प्रत्येक जोडणीत मोकळीक ठेवावी लागते हे मुलाला आयुष्यभरासाठी समजते. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या फिटरला जे ज्ञान रोज लागते, ते हेच.

इथे थोडे विषयांतर करून सांगते की तंत्रज्ञानातली कारकीर्द म्हणजे फक्त पदवीधर अभियंता नव्हे. यंत्रे चालवणारे, दुरुस्त करणारे, प्रयोगशाळेत मापे घेणारे, विजेची जोडणी करणारे कुशल लोक नसतील तर माझ्यासारखीने काढलेली ड्रॉइंग कागदावरच राहतील. अभ्यासक्रमात मुलांना अशा माणसांशी बोलायला मिळत असेल तर ती फार चांगली खूण आहे.

आता मुलीविषयी एक सूचना, जी आपण विचारलेली नाही. चार मुलांच्या गटाला एक संच दिला की पहिल्या दहा मिनिटांत कामाची वाटणी आपोआप होते, आणि जिथे मुलगे-मुली एकत्र असतात तिथे मोटर व पाना बहुतेक वेळा मुलग्याच्या हातात जातो, तर वही, रंगकाम आणि सादरीकरण मुलीकडे येते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. वर्षाच्या शेवटी मात्र मुलीने एकही तार स्वतः जोडलेली नसते आणि ‘हे आपल्याला जमत नाही’ असे तिने मनाशी ठरवून टाकलेले असते. पहिल्या दोन वर्षांत हे माझ्या लक्षात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आता मी दर तासिकेला कामे बदलते: जोडणी करणारा पुढच्या वेळी नोंदी घेतो, नोंदी घेणारा प्रोग्रॅम लिहितो, आणि हा क्रम कोणालाही मोडता येत नाही. आपल्या मुलीला ‘आज काय केले’ असे विचारण्यापेक्षा ‘आज तुझ्या हातात काय होते’ असे अधूनमधून विचारावे.

बाकी पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवे. शिक्षकाला स्वतःला वस्तू उघडून पाहण्याची सवय आहे का, वर्गात किती मुले आहेत, बिघडलेले साधन दुरुस्त करायला वेळ ठेवला आहे का, यांचा परिणाम छापील अभ्यासक्रमापेक्षा अधिक होतो. मुलांचे स्वभावही वेगळे असतात. काहींना स्पर्धेत हुरूप येतो, काही स्पर्धेने आक्रसतात. आपली मुलगी पहिल्या प्रदर्शनानंतर खट्टू झाली, यावरून ती दुसऱ्या प्रकारची असावी असे वाटते, आणि वर्षभराचे काम एका प्रदर्शनाच्या भोवती रचलेले असेल तर शाळेशी त्याबद्दल बोलावे.

पारख करण्यासाठी तंत्रज्ञान कळण्याची गरज नाही. शाळेत जाऊन मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची वही पाहायला मागावी. तीत तयार वस्तूंची छायाचित्रे आणि पायऱ्यांच्या नकला एवढेच असेल तर संचासोबत आलेल्या पुस्तिकेबरहुकूम काम चालते, असे समजावे. अंदाज, आकडे, एकके, खोडलेल्या आकृत्या आणि ‘दुसऱ्या प्रयत्नात काय बदलले’ अशा नोंदी असतील तर निर्धास्तपणे प्रवेश घ्यावा. वही मुळीच ठेवली जात नसेल तर शिक्षकांना एवढेच विचारावे की वस्तू चालली नाही तर मुले पुढे काय करतात आणि त्यासाठी किती तासिका राखून ठेवल्या आहेत. थोडक्यात, वहीत मापे असतील आणि मुलीचे अपूर्णांक पक्के असतील तर अभ्यासक्रम घ्यावा. अपूर्णांक कच्चे असतील तर गणिताची तासिका आधी सांभाळावी. आणि वहीत मापे नसतील तर तो एक छंद म्हणून घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी गणित सोडू नये.

राहिला प्रश्न न चाललेल्या गाडीचा. शक्य असेल तर ती गाडी शाळेतून काही दिवसांसाठी मागून आणावी आणि मुलीबरोबर बसावे. दुरुस्त मात्र आपण करू नये. एक साधा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजण्याचे छोटे उपकरण, मिळाला तर तिला बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) दोनदा मोजायला सांगावे, एकदा मोटर बंद असताना आणि एकदा चालू असताना. दीड व्होल्टचे चार सेल असतील तर मोटर बंद असताना सहाच्या आसपास आकडा दिसेल. मोटर सुरू करताच तो एकदम खाली येत असेल तर सेल थकलेले आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून सराव केल्यावर असे अनेकदा होते. आकडा टिकत असेल तर चाके हाताने फिरवून कुठे घासतात का, ते पाहावे, मग एकेक जोड हलवून तपासावा. प्रत्येक माप तिने स्वतःच्या अक्षरांत, एककासह लिहावे आणि ते पान घेऊन आपल्या शिक्षकांकडे जावे. शिक्षक ते पान वाचायला बसले आणि त्यांनी तिला पुढचा प्रश्न विचारला, तर हा अभ्यासक्रम घ्यावा की नाही, याचे उत्तर आपल्याला माझ्यापेक्षा अधिक खात्रीने मिळालेले असेल.